मोकळ्या दिवसांचा रकाना

भादव्यातलं ऊन पडायला लागलं की आमच्या घरात माझा त्रास वाढतो. भर पावसात मी त्यातल्या त्यात बरा असतो. पण हे दिवस आले, जव्हारच्या टेकड्यांवर सकाळी धुकं आणि दुपारी चटका देणारं पिवळं ऊन सुरू झालं, की माझं कशातच चित्त लागत नाही. मी सुतळीचे गुंते सोडवत बसतो. डब्यातले खिळे मोठे एकीकडे, लहान एकीकडे करतो. परवा वर्तमानपत्रांची सगळी रद्दी तारीखवार लावली आणि काल ती रद्दीवाल्याला देऊन टाकली. ऐंशी उलटली, नोकरी सुटून पंचवीस वर्षं झाली, तरी सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो तो आज काय काय उरकायचं आहे याचा. उरकण्यासारखं काहीच नसतं, मग जास्तच घाई होते.

बायको म्हणते, "अहो, जरा टेका. घर काही कुणी पळवून नेत नाही." मी टेकतो. भिंतीला पाठ लागते न लागते तोच आठवतं, मागच्या दाराची कडी सैल झाली आहे.

हात रिकामे राहिले की मला चोरी केल्यासारखं वाटतं. कुणाची चोरी, ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. इतकं मात्र ठाऊक आहे की हे दुखणं भादव्यात बळावतं, आणि भादवा म्हटला की मला पोशेरा आठवतं. मोखाडा तालुक्यातलं ते डोंगरातलं गाव. तिथं मी विशीत ग्रामसेवक म्हणून गेलो होतो.

पण त्याच्याही आधी वडिलांचं सांगायला हवं. वडील इथंच, जव्हारला, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरण झालं तेव्हा मी शाळेत होतो. बाकीच्यांसाठी तो मोठा दिवस होता, झेंडा, पेढे, भाषणं. आमच्या घरात मात्र दुसऱ्या दिवसापासून एक अवघडलेपण आलं. काही कारकुनांना नव्या सरकारात घेतलं, वडिलांना वय पाहून घरी बसवलं. ते बसले नाहीत. रोज नेमानं आंघोळ करायचे, कोट घालायचे, टोपी घालायचे आणि कचेरीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. घरी आले की कोरी वही घेऊन पट्टीनं तिच्यात ओळी आखायचे. त्या ओळींवर पुढे कुणी काही लिहायचं नव्हतं. वही संपली की दुसरी घ्यायचे. आई एकदा म्हणाली, "आता तरी सुखानं बसा की." त्यावर ते असे काही चिडले की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी जरा पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहायला लागलो की मागून आवाज यायचा, "काय चाललंय?" काहीच नाही, असं उत्तर द्यायची आमच्या घरात सोय नव्हती.

अशा घरातून मी निघालो आणि पोशेऱ्याला पोचलो. विलीनीकरणाला तेव्हा सातआठ वर्षं झाली असतील. विकास हा शब्द नवा होता आणि मला फार आवडत होता. सरकारनं मला एक पेटी, एक सायकल आणि एक दैनंदिनी दिली होती. डोंगरात सायकल चालायची नाही, बरेचदा मीच तिला वाहून न्यायचो. दैनंदिनीत मात्र रोजचं केलेलं काम लिहावंच लागायचं. एकही दिवस कोरा चालत नसे. मला ती अट जाचक वाटली नाही, उलट आपल्याच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

गावात पोचलो ते दिवस हेच. आवणी म्हणजे भाताची लावणी उरकलेली, बेणणी म्हणजे तण काढणं, तेही संपत आलेलं. खालच्या खाचरांत भात पोटरीला आलेला, वर उतारावर नागली आणि वरई. सगळीकडे हिरवं, आणि त्या हिरव्यात जागोजाग माणसं बसलेली. बांधावर, ओटीवर, झाडाच्या मुळांवर. कुणी दोरी वळत होतं म्हणावं तर तसंही नाही. बसलेली म्हणजे नुसती बसलेली.

लहानूबाबा मला पहिल्यांदा दिसला तो असाच. साठीचा असेल, काटक, डोक्याला फडकं, शेजारी इरलं टेकवून ठेवलेलं. आपल्या खाचराच्या कडेला एका सपाट कातळावर तो बसला होता आणि समोरच्या भाताकडे पाहत होता. मी सायकल खांद्यावरून उतरवली आणि विचारलं, "काय करताय, बाबा?"

"बसलूय."

"ते दिसतंय हो. पण काय करताय?"

त्यानं मला नीट न्याहाळलं. बहुधा मला कमी ऐकू येत असावं असं त्याला वाटलं. कारण दुसऱ्यांदा तो बराच मोठ्यानं म्हणाला, "बसलूय!"

मला त्याचा राग आला. आता सांगायला लाज वाटते, पण आला. मी घाम गाळत डोंगर चढून यांच्या भल्यासाठी आलो होतो, आणि हा धडधाकट माणूस मध्यान्हीला गवताकडे बघत बसला होता. त्या दिवशी दैनंदिनीत मी लिहिलं, 'गावकऱ्यांत उद्योगाची आवड निर्माण करणे आवश्यक.' अक्षर फार सुरेख काढलं होतं.

थोड्याच दिवसांत तालुक्याहून छापील फॉर्म आले. घरोघर जाऊन माहिती भरायची होती, माणसं किती, गुरं किती, जमीन किती. सातवा रकाना होता, 'वर्षातील शेतीकामाशिवायचे मोकळे दिवस.' मी पहिल्यांदा लहानूबाबाच्याच ओटीवर गेलो. पहिल्या सहा रकान्यांची उत्तरं तो तुटक देत होता. गुरं सांगताना तर त्यानं एक बैल गाळलाच, जो माझ्या मागं उभा राहून माझी टोपी हुंगत होता. सातव्या रकान्याशी मात्र गडी एकदम सावरून बसला.

"म्हंजी नुसतं बसायचं दिस?" त्यानं विचारलं.

"हो, तेच."

"सरकार इचारतंय?"

"सरकारच विचारतंय."

त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, याला काहीतरी मिळणार आहे असा याचा समज झाला. त्यानं आत सुनेला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "दोन म्हयने लिव्ह."

शेजारच्या ओटीवरून गोविंदा ऐकत होता. मी तिकडे वळण्याआधीच तो ओरडला, "त्याचं दोन? मंग माजं अडीच लिव्ह!" पुढच्या घरानं तीन सांगितले. एकानं तर विचारलं, सरकारनं जास्तीत जास्त किती ठेवलेत? गावाच्या कडेला काशी म्हणून एक विधवा राहायची, लेकीला घेऊन. ती म्हणाली, "माजा एक बी दिस नाय रं भाऊ, एकटीला कव्हा बसाया गावतंय?" मी शून्य लिहून निघालो. कुडाच्या फाटकापाशी ती मागून आली, आवाज खाली करून म्हणाली, "चार दिस तरी लिव्ह. पोरीची सोयरीक चाललीय. लोकं काय बोलतील?"

मी हसत हसत आठ लिहिले. गावभर आळसाची चढाओढ लागली आहे, अशी माझी समजूत झाली. बेरीज करून फॉर्म तालुक्याला पाठवले, खाली लाल शाईनं रेघ मारून.

तालुक्याच्या कचेरीतले आमचे साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. उमद्या मनाचा, भल्या पहाटे उठणारा, डोंगर पायी तुडवणारा माणूस. फॉर्म पाहून त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "केवढं मनुष्यबळ वाया जातंय बघा. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा तुकडा आपण श्रमदानातून करू. पंधरा दिवस. आणि आत्ताच करू, बेणणी उरकली की कापणीपर्यंत हेच त्यांचे मोकळे दिवस असणार." मला धन्य वाटलं. माझ्या आकड्यांवरून रस्ता होणार होता.

त्या संध्याकाळी गावात दवंडी दिली. शब्द मी सांगितले. उद्यापासून घरटी एक माणूस, कुदळ आपली, भाकर आपली, हजेरी लागेल. थोडक्यात आणि स्पष्ट. दवंडी देणारा ते पुन्हा पुन्हा म्हणत गेला आणि त्याच्या मागं एकेक ओटी रिकामी होत गेली, याकडे माझं लक्ष होतं, पण मला वाटलं लोक लवकर झोपून लवकर उठायच्या तयारीला लागले.

सकाळी हजेरीवही घेऊन निघालो तर गावात कुणी नव्हतं. कोंबड्या होत्या, कुत्री होती. चुलींतली राख गरम होती. काशीच्या दाराला आडवी काठी लावलेली होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत फिरलो, आणि माझाच आवाज मला वेड्यासारखा वाटायला लागला. शेवटी खाचरांकडे आलो. कातळावर लहानूबाबा बसला होता.

"सगळे गेले कुठं?"

"रानात."

"कशाला?"

"वेठीचा माणूस आला का रानात जात्यात," तो म्हणाला. "तुला ठावं नाय?"

मला ठाऊक होतं, ऐकून. जमीनदाराचा, ठेकेदाराचा माणूस यायचा आणि घरटी एक जण फुकट राबायला घेऊन जायचा, त्याला वेठ म्हणत. ती सुटून आता काही वर्षं झाली होती. मी त्याला समजावलं. म्हटलं, बाबा, ही वेठ नाही. हे श्रमदान आहे. रस्ता तुमचाच होणार आहे.

त्यानं शांतपणे विचारलं, "घरटी येक माणूस का नाय?"

"हो."

"भाकर घरची?"

"हो."

"नाय आला तं नाव लिव्हणार?"

हजेरीवही माझ्या हातात होती. मी ती मागं घेतली.

"मंग येगळं काय?" तो म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग म्हणाला, "आमी रिकामं हाओत, असं कोन बोललं?"

"तुम्हीच सांगितलंत. दोन महिने. मी तुमच्यासमोर लिहिलं."

तो भाताकडे बघतच बोलू लागला. भादव्यात तो जन्मभर दुसऱ्याच्या खाचरात बेणत होता. बोलावणं आलं की जायचं. स्वतःचं भात इकडे कधी फुललं, कधी भरलं, त्याला कळायचं नाही. कापणीलाच काय ते तोंड दिसायचं. वेठ सुटली त्या वर्षी भादवा आला, आणि त्याला न्यायला कुणी आलं नाही. तेव्हापासून दर भादव्यात तो या कातळावर बसत होता. "तू इचारलास तव्हा मला वाटलं," तो म्हणाला, "सरकार इचारतंय, आथा बरं हाय का तुमचं? मी बोललो, बरं हाय. दोन म्हयने बरं हाय."

सगळं गाव माझ्या डोळ्यांपुढून गेलं. अडीच सांगणारा गोविंदा, चार दिवसांसाठी फाटकापर्यंत आलेली काशी. माझ्या सातव्या रकान्यात त्यांनी आपलं सुख लिहून दिलं होतं आणि मी ते कामचुकारपणा म्हणून तालुक्याला पाठवलं होतं.

लहानूबाबा उठला. घरी जाऊन कुदळ घेऊन आला. "दोन म्हयने मी बोललो," तो म्हणाला. "आकडा माजा हाय. चल."

इथं मी त्याला थांबवायला हवं होतं. तालुक्याला जाऊन, साहेब, माझी चूक झाली, एवढं सांगायला हवं होतं. साहेबांनी ऐकूनही घेतलं असतं कदाचित. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. एक माणूस आला होता. हजेरी कोरी राहणार नव्हती. इतक्या वर्षांनीही ही गोष्ट गिळता येत नाही.

दोन दिवस आम्ही दोघंच खणत होतो. तो कुदळ मारायचा, मी घमेलं वाहायचो. दुपारी तो नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी काढायचा, अर्धी मला द्यायचा. तिसऱ्या दिवशी गोविंदा आला, खाली मान घालून. म्हातारा एकटा राबतोय हे लोकांना रानातून दिसत होतं आणि त्यांना ते बघवलं नाही. मग एकेक करत सगळे आले, काशीही आली. सरकारचा धाक, माझं भाषण, यातलं काही कामाला आलं नव्हतं.

आणि मी? मी खुशीत होतो. लाज होती, ती होतीच, पण हातांना फोड आले होते, पाठ मोडत होती, आणि दिवस कसा भरगच्च जात होता. संध्याकाळी दैनंदिनी आपोआप भरायची. माझ्या लक्षात यायचं ते एवढंच, की रोज सकाळी दहाच्या सुमारास ऊन तापलं की लहानूबाबा कुदळ थांबवून पाठ सरळ करायचा आणि खालच्या खाचरांकडे बघायचा. घाम पुसायला लागतो तेवढाच वेळ. एकदा मी विचारलं. तो म्हणाला, "आथा उघडत असंल." भाताचं फूल याच वेळेला उघडतं. दाणा चोच उघडतो, आतून दोऱ्याएवढे तुरे बाहेर लोंबतात, तासाभरात दाणा मिटतो, तो पुन्हा उघडत नाही. आठएक दिवसांत सगळं खाचर उरकतं. शेतकऱ्यांच्या सेवेला नेमलेला मी, मला भाताला फूल असतं हेच कळलं नव्हतं.

रस्ता वाईट नव्हता. पुढे त्याच रस्त्यानं अडलेली बाळंतीण जीपमधून मोखाड्याला गेली आणि वाचली, हे मी पाहिलं आहे. रस्ता नको होता असं मी म्हणणार नाही, लहानूबाबाही म्हणाला नाही. पण मग तो आणखी महिन्याभरानं झाला असता तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला किती वर्षं विचारतो आहे. उत्तर येतं आणि मी उठून काहीतरी कामाला लागतो.

वडील आणि लहानूबाबा मला पुष्कळदा शेजारी शेजारी दिसतात. जवळजवळ एकाच वयाचे. राज्य बदललं आणि दोघांचेही हात मोकळे झाले. वडिलांना वाटलं आपल्याला टाकून दिलं, आणि ते ओळी आखत गेले. लहानूबाबाला वाटलं आपण आपल्याला परत मिळालो. वडिलांच्या डोक्यावर आयुष्यभर छप्पर होतं, पोटाला होतं, मान होता. लहानूबाबाकडे दाखवण्यासारखा एक कातळ होता. तरी त्या दोघांत श्रीमंत कोण, हे मी पोशेऱ्याला शिकलो. शिकलो म्हणजे मला कळलं. अंगात काही आलं नाही. कळलेलं अंगात येतंच असं नाही.

पंधरा दिवस संपले. शनिवारी साहेब आले, नारळ फुटला, गुलाल उडाला. साहेब भाषणात म्हणाले, या गावानं आळस झटकला. टाळ्या वाजल्या. लहानूबाबानंही वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून. जाताना साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत होतो. लहानूबाबानं खालून हाक मारली, "ए भाऊ, ये हिकडं!" मी गेलो. तो कातळावर होता. खालची खाचरं उरकली होती, लोंब्या जड व्हायला लागल्या होत्या. पण सगळ्यात वरचा एक तुकडा त्याच्या सुनेनं उशिरा आवला होता. "यात अजून फुलायचं हाय," तो म्हणाला. "ऊन तापू दे जरा. बस."

त्यानं इरलं बाजूला सरकवून मला जागा केली. पंधरा दिवसांबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याचं जे बुडालं ते बुडालं, आणि जे उरलं होतं त्यात त्यानं मला बोलावलं होतं. मी बसलो. ओल्या मातीचा आणि भाताचा एक कोवळा, दुधासारखा वास येत होता. चतुर उडत होते. कातळ हळूहळू गरम होत होता. मी लोंबीकडे पाहिलं, बंद होती. पुन्हा पाहिलं, बंदच. मला आठवलं की दैनंदिनीत आजच्या तारखेला काहीतरी लिहायला लागेल. काय लिहिणार? मग आठवलं की सायकलची साखळी सैल झाली आहे, शाळेच्या कौलांचं पत्र लिहायचं राहिलं आहे. पाय आपोआप हलायला लागला. शेजारी तो इतका निवांत होता की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. दहा मिनिटं झाली असतील. मला ती सोसवेनात. मी उठलो.

"का रं?" त्यानं विचारलं. "आथा उघडंल."

"मोखाड्याला जायचंय, बाबा. कचेरीत काम आहे. तातडीचं."

त्यानं वर पाहिलं. आधी सूर्याकडे, मग माझ्याकडे. टोमणा मारायचा असता तर मारता आला असता, त्याचा तेवढा हक्क होता. पण त्याच्या आवाजात माया होती, आणि ती मला अजून बोचते.

"जा," तो म्हणाला. "तुजी वेठ अजून सुटली नाय."

मी सायकल खांद्यावर घेतली आणि नव्या रस्त्यानं भराभर खाली उतरलो. वळणापर्यंत मागं पाहिलं नाही. त्या दिवशी रविवार होता. कचेरी बंद होती, आणि हे मला त्याच्या शेजारी बसलो होतो तेव्हाही माहीत होतं.